लाकूड मूळचं कुठलं?

आमच्या घरातल्या तीन पिढ्या खरादावर गेल्या. आजोबा, म्हणजे आमचे दादाजी, लाकूड कातायचे. अब्बा जालन्यातल्या एका रोलिंग मिलमध्ये टर्नर होते, त्यांनी नोकरीची सगळी वर्षं लोखंड कातलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि संध्याकाळी पुन्हा लाकडाकडे येतो. दादाजींच्या खरादावरून कामाच्या वस्तू उतरायच्या, माझ्या खरादावरून शोभेच्या उतरतात. वाडगे, फुलदाण्या, झाकणाच्या डब्या.

खराद म्हणजे लेथ. अरबीत लाकूड कातणाऱ्याला ‘खर्रात’ म्हणतात. तोच शब्द फारसीच्या वाटेने इकडे आला आणि खराद, खरादी झाला. मराठीत त्याच कारागिराला जुना शब्द आहे, कातारी. ‘कातीव’ हे विशेषण आपण आज नाकाडोळ्यांना, दगडी खांबांना, कवितेच्या ओळीलाही लावतो, पण मुळात ते खरादावर कातलेल्या वस्तूचं आहे. हे मी वर्गात सांगतो तेव्हा पोरं माझ्या हातांकडे बघतात. बोटांच्या पेरांत तेल आणि भुसा बसलेला असतो.

दादाजींचा खराद जमिनीवर मांडलेला असायचा. दोन लाकडी ठोकळे, त्यांना समोरासमोर एकेक लोखंडी टोक, आणि मध्ये अडकवलेला लाकडाचा तुकडा. तुकड्याला दोरीचा वेढा. समोर बसलेला पोरगा दोरीची दोन टोकं आळीपाळीने ओढायचा आणि लाकूड एकदा इकडे, एकदा तिकडे फिरायचं. हत्यार एकाच दिशेच्या फेऱ्यात कापतं, परतीच्या फेऱ्यात ते केसभर मागे घ्यावं लागतं. दादाजी उकिडवे बसून पायाच्या अंगठ्याने हत्यार दाबून धरायचे. दोरी ओढणारा पोरगा बऱ्याचदा मी असायचो. हात भरून आले की मी दोरी ढिली सोडायचो आणि दादाजी वर न बघता म्हणायचे, “खींच रे, झाड सो गया.”

जालन्याची जुनी म्हण आहे, ‘जालना सोने का पालना’. बाजारपेठेच्या भरभराटीची ती ऐट. सोन्याचा पाळणा मी तरी कुणाच्या घरी पाहिला नाही. लाकडी पाळण्यांचे कातीव दांडे मात्र दादाजींनी खंडीभर उतरवले. त्याशिवाय बाजेचे पाय, लाटणी, ताक घुसळायच्या रव्या, जात्याचे खुंटे, पोरांचे भोवरे. पाळण्याच्या दांड्यांवर लाल-हिरवे पट्टे असायचे ते लाखेचे. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्याचा राळेसारखा स्राव. रंग मिसळलेली लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाने ती वितळून लाकडावर चढते, आणि वरून केवड्याचं वाळलेलं पान दाबलं की चकाकी येते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी याच रीतीने रंगतात. तिथे टिपू सुलतानाने इराणी कारागीर आणल्याचं सांगतात. आपल्याकडे सावंतवाडीची चितार आळी लाखकामासाठी आणि लाकडी फळांसाठी नावाजलेली. जालन्याच्या खरादाला असं नाव कधी मिळालं नाही. मिळायचं कारणही नव्हतं. बाजेच्या पायाला कोण नाव ठेवतो?

मग लोखंडी पाइपचे पलंग आले, प्लास्टिकचे भोवरे आले, मिक्सर आला. जालन्यात स्टीलच्या मिला उभ्या राहिल्या. लालभडक लोखंड ज्या भल्यामोठ्या रोलांच्या खाचांतून दाबून पुढे जातं, त्या खाचा झिजतात. झिजलेला रोल उतरवून लेथवर चढवायचा आणि खाच पुन्हा काढायची, हे अब्बांचं काम. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांच्या स्लॅबमध्ये जालन्याची सळई आहे. अब्बा म्हणायचे, “दादाजीने पलंग के पाय बनाए, मैं छत बनाता.” त्यांना लोखंडाचा अभिमान होता. लाकडाला ते पोरखेळ समजायचे.

मी लाकडाकडे वळलो तो दुष्काळामुळे. २०१२ चा पावसाळा कोरडाच गेला. जालना जिल्ह्यात पिण्याचं पाणी टँकरने यायला लागलं, आणि सगळ्यात आधी मान टाकली ती मोसंबीच्या बागांनी.

मोसंबी हे जालन्याचं पीक. तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. ज्यांनी बाग केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोसंबीला ताण द्यावा लागतो. फुलं यावीत म्हणून काही आठवडे बागेचं पाणी तोडतात. पानं पिवळी पडून गळायला लागतात, आणि मग पाणी सोडलं की बहर फुटतो. हिवाळ्यात ताण देऊन धरला तो आंबिया बहर, पावसावर धरला तो मृग बहर. म्हणजे शेतकरी झाडाला मुद्दाम दुष्काळ दाखवतो, पण मोजून. २०१२-१३ च्या दुष्काळाला माप नव्हतं.

बदनापूर तालुक्यातल्या माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी चारशे झाडं होती. पोरगा वर्गात दिसेना म्हणून चौकशी केली, तर तो पाण्याच्या टँकरवर बसून फिरत होता. विकतचं पाणी घालून त्यांनी बाग मार्चपर्यंत ओढली. मे महिन्यात मी गेलो तेव्हा जेसीबी लागला होता. झाडं मुळासकट उपटून बांधावर रचलेली होती. वीटभट्टीवाला भाव करून गेला होता. पोराचे वडील, ज्यांना मी भाऊ म्हणतो, बांधावर बसून होते. बोलायला काही नव्हतं. मी उगाच एक फांदी उचलली आणि तिचं कापलेलं तोंड बघितलं. लोण्यासारखं पिवळसर, इतकं बारीक रेषांचं, की नख फिरवलं तर हस्तिदंत वाटावं. दादाजींनी आयुष्यभर बाभूळ, चिंच, शिसव कातली. असलं लाकूड त्यांच्या खरादावर मी पाहिलं नव्हतं. कोण कापणार चालती मोसंबी?

भट्टीवाला देत होता त्याहून थोडा जास्त भाव देऊन मी एक ट्रॉली घेतली. त्यात बुंधेही होते. भाऊ म्हणाले, “सर, तुमच्या चुलीला एवढं लाकूड लागतं का?”

अब्बा तेव्हा निवृत्त होऊन घरी बसले होते. भंगारातून त्यांनी हाफ एचपीची मोटर आणली, पट्टा जोडला, आणि महिन्याभरात मला लाकडाचा लेथ उभा करून दिला. जुन्या स्टीलला धार लावून पन्हाळीसारख्या गोल पटाशा केल्या. शिकवणी एका वाक्याची होती, “आवाज सुन.” धार बरोबर लागली की लाकडातून सुईं असा एकसारखा आवाज येतो आणि ओली ढलपी लांब दोऱ्यासारखी सुटते. आवाज फाटला की समजायचं, धार गेली किंवा कोन चुकला. आज माझ्या कानाला तो आवाज कळतो, तो त्यांच्यामुळे.

शोभेचा वाडगा हे बाजेच्या पायापेक्षा अवघड काम आहे. पाय उभ्या रेषांचा, म्हणजे झाड ज्या दिशेने वाढलं त्याच दिशेने तो कातला जातो. वाडगा आडवा धरावा लागतो. एका फेऱ्यात हत्याराला दोनदा लाकडाचं तोंड आणि दोनदा लाकडाची कूस लागते. फुलदाणी पुन्हा उभ्या रेषांची, पण तिचं पोट आतून पोखरायचं तर हत्यार वीतभर आत जातं आणि दिसत काही नाही. तिथेही कानच कामाला येतो.

आणि ओलं लाकूड मागे लागलेलं असतंच. झाड मेलं तरी लाकडातलं पाणी जायला महिने लागतात, आणि ते टोकांकडून झपाट्याने जातं. मग लाकूड मध्यापासून बाहेर चिरत जातं. मोसंबी यात फार हट्टी. म्हणून ओंडक्याची दोन्ही तोंडं मेणाने बंद करायची. ओंडका उभा चिरून मधला गाभ्याचा बिंदू काढून टाकायचा, कारण तडा तिथूनच सुरू होतो. मोसंबीचं खोड मोठं नसतं, आठ इंचाचा बुंधा म्हणजे चांगला. त्याच्या अर्ध्या फाळक्यातून सहा इंचांचा वाडगा निघतो. तो आधी जाडसर कातायचा. सर्वसाधारण हिशेब असा, की रुंदीच्या दहावा भाग जाडी ठेवायची. मग त्याच्याच भुशात पुरून, वर्तमानपत्रात गुंडाळून, सहा महिने विसरून जायचं. वाळताना तो आक्रसतो, पण सगळीकडून सारखा नाही. गोल ठेवलेला वाडगा लंबगोल होऊन बाहेर येतो. मग तो पुन्हा खरादावर चढवून शेवटचा कातायचा.

झाड मेल्यावर लाकूड पावसात पडून राहिलं तर त्यात बुरशी शिरते आणि काळ्या, बारीक, नकाशातल्या सीमेसारख्या रेषा ओढून ठेवते. चुलीला ते लाकूड कुचकामी. वाडगा करणारे जगभर त्याच रेषांसाठी तरसतात. तोंडाला मास्क मात्र बांधावाच लागतो. बुरशीचा भुसा छातीला वाईट, आणि कडुलिंबाचा भुसा नाकात गेला तर संध्याकाळचा चहाही कडू लागतो.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा. जवस आपल्या मराठवाड्याचंच पीक. ते तेल हवेत वाळून घट्ट होतं, म्हणून लाकडावर टिकतं. पण वाळताना ते तापतं, आणि तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या दोरीवर मोकळ्या वाळत घालायच्या किंवा पाण्यात बुडवायच्या. आमच्या अंगणात त्या तेलकट चिंध्या कपड्यांच्या शेजारी वाळतात, यावरून घरात जे होतं ते होतंच.

पहिला नीट झालेला वाडगा मी अब्बांच्या हातात दिला. त्यांनी तो कॅलिपर लावावा तसा बोटांनी चाचपला. काठ, पोट, तळ. मग विचारलं, “इसमें क्या रखते?”

“काही नाही. ठेवायचा. बघायचा.”

“फिर बनाया कायकू?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे लगेच नव्हतं, आणि प्रश्न खोटाही नव्हता. दादाजींच्या घराण्यात बिनकामाची वस्तू झाली नव्हती. पुढे पुण्याच्या एका प्रदर्शनात तसलाच एक वाडगा ज्या किमतीला गेला, तेवढ्यात मी ती लाकडाची ट्रॉली घेतली होती. तो आकडा मी अब्बांना सांगितला, भाऊंना सांगायला मात्र कितीतरी दिवस जीभ वळली नाही. ज्याची चारशे झाडं गेली त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं, की तुमच्या एका बुंध्याने सगळ्यांचा भाव काढला? शेवटी सांगितलं. ते म्हणाले, “मग भट्टीत गेली त्यांचं काय झालं असतं हो, सर?” तेव्हापासून वाळलेल्या बागेचं लाकूड घेताना मी भट्टीचा भाव आधी देतो, आणि वाडगा विकला गेला की त्यातला हिस्सा पुन्हा शेतावर नेऊन देतो. धंदा म्हणून हे बसत नाही. पण मी पगारी मास्तर आहे, मला बसवता येतं.

प्रदर्शनांत फिरायला लागलो तेव्हा कळलं, की शोभेच्या लाकूडकामात खरी किंमत ‘विदेशी’ या शब्दाला आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं जांभळं पर्पलहार्ट, काँगोच्या खोऱ्यातलं काळपट वेंगे, आफ्रिकेतलं लालभडक पदौक. मेणात बुडवलेले त्यांचे ठोकळे तोळ्यामाशाच्या हिशेबाने विकले जातात. पदौकचा लाल रंग काही वर्षांत तपकिरी होतो, पर्पलहार्टचा जांभळाही तसाच उतरतो, हे विकणारा सांगत नाही. जंगलं त्यापायी उघडी पडली म्हणून निर्बंध आले. २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण यादीत आहेत. त्याचा फटका आपल्या शिशमच्या हस्तकलेलाही बसला. दहा किलोच्या आतल्या तयार वस्तूंना सूट मिळायला २०२२ ची पनामाची परिषद उजाडावी लागली.

माझ्या टेबलावर यातलं काही नसतं. मोसंबी, चिंच, बाभूळ, रस्ता रुंदीकरणात पडलेला पर्जन्यवृक्ष. पुण्याच्या त्याच प्रदर्शनात एका सभ्य गृहस्थांनी मोसंबीचा वाडगा उचलला. वजन पाहिलं, वास घेतला.

“हे इम्पोर्टेड दिसतंय.”

“नाही, मोसंबी आहे. जालन्याची.”

“मोसंबीचं लाकूड? वा!” मग त्यांनी पाटीवरचं माझं नाव वाचलं. “मराठी छान बोलता हो तुम्ही.”

“मराठीच शिकवतो.”

“अरे वा. मूळचे कुठले?”

“जालन्याचा.”

“ते झालं. पण मूळचे?”

त्यांच्या स्वरात विखार नव्हता. वाडगाही त्यांनी घेतला, पैसे देताना घासाघीस केली नाही. हा प्रश्न मला नवा नाही. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ऐकतोय, पालक विचारतात, शिक्षकांच्या खोलीतही विचारला जातो. माझ्या मागे बाजेच्या पायांच्या किती पिढ्या आहेत, हे सांगून तो सुटत नाही. विचारणाऱ्याला गाव नको असतं. गावाच्या पलीकडचं काहीतरी हवं असतं.

त्या दिवशी मात्र टेबलावरच्या वस्तूंकडे बघता बघता मला वाटलं, हा प्रश्न आधी यांना विचारून बघावा.

मोसंबी हे नाव मोझांबिकवरून पडल्याचं सांगतात. आफ्रिकेच्या किनाऱ्याचं नाव तिच्या कपाळावर. पण लिंबूवर्गीयांच्या जनुकांचा जो अभ्यास २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला, त्याने या सगळ्या कुळाचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी दाखवला आहे. आसामचा पूर्व भाग, उत्तर म्यानमार, पश्चिम युन्नान. म्हणजे जिला आपण आफ्रिकेची म्हणून हाक मारतो, तिचं कूळ आपल्याच शेजारचं. खुद्द मोझांबिक आणि टांझानियातून जगाला जातं ते वेगळंच काळंभोर लाकूड, ज्याची क्लॅरिनेटं होतात. आणि ते आपल्या शिसवीचं सख्खं भावंड.

चिंचेचं याच्या बरोबर उलट. अरबांनी तिला ‘तमर हिंदी’ म्हटलं, हिंदची खजूर. त्यावरून टॅमरिंड आलं, आणि शास्त्रीय नावात तर टॅमरिंडस इंडिका, भारताची म्हणून शिक्काच. तिचं मूळ घर आहे उष्ण कटिबंधातली आफ्रिका. पण चिंचेला कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. तिच्या सावलीत पार आहेत, तिच्या लाकडाचे तेलघाणे होते. तिच्या ओंडक्यावर आमच्या गल्लीतला खाटीक मटण तोडतो, कारण एवढा घाव झेलणारं दुसरं लाकूड नाही. आतला गाभा गर्द जांभळट तपकिरी, बाहेरचा पट्टा फिकट पिवळा. चिंचेच्या वाडग्याला रंग द्यावाच लागत नाही.

बाभूळ तर अस्सल आपली. नांगर, वखर, बैलगाडीचं चाक, सगळं तिचं. शास्त्रज्ञांनी तिचं नाव ठेवलं होतं अकेशिया अरेबिका, अरबस्तानची. पुढे ती निलोटिका झाली, नाईल नदीची. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे कुळाचं नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे ठेवायचं ठरलं, आणि आपल्या बाभळीचं आडनाव बदलून व्हॅचेलिया झालं. इतकी कागदपत्रं बदलली तरी बांधावरच्या बाभळीला त्याची खबर नाही. काटे तेवढेच आहेत.

गुलमोहर मादागास्करचा. पर्जन्यवृक्ष अमेरिका खंडातला, हवाई बेटांवर त्याच्याच लाकडाचे वाडगे पर्यटक विकत नेतात. सुबाभूळ मेक्सिकोकडची, उरुळीकांचनच्या ‘बाएफ’ने चाऱ्यासाठी तिचा आपल्याकडे प्रसार केला. शहरातल्या कुठल्याही रस्त्याकडेला उभं राहून झाडांना मूळ गाव विचारत गेलं तर सावलीला थोडीच झाडं उरतील.

वस्तूंचा प्रवासही एकाच दिशेने होत नाही. इटलीतल्या पॉम्पेई शहरात १९३८ मध्ये एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, घडण भारतीय. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत ते शहर गाडलं गेलं, त्याच्या आधी ती तिथे पोहोचलेली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती मिळाली आमच्या जिल्ह्यातल्या भोकरदनला, १९७३ च्या उत्खननात. तशीच आणखी एक धाराशिवजवळच्या तेरला. पॉम्पेईच्या मूर्तीत डोक्यापासून खाली भोक पाडलेलं आहे. त्यावरून ती आरशाची मूठ किंवा छोट्या मेजाचा पाय असावी, असं अभ्यासक म्हणतात. हे वाचलं तेव्हा मी अब्बांना मोठ्याने सांगितलं. आज संग्रहालयात काचेआड शोभेला ठेवलेली ती मूर्ती म्हणजे कदाचित एका मेजाचा पाय! अब्बा म्हणाले, “देखा? पहले काम की चीज थी.”

आता बुंध्यांची गोष्ट. ट्रॉलीतले ते बुंधे मी बरीच वर्षं ठेवून दिले होते, कारण त्यांच्यात रेषा गुंतलेल्या असतात आणि हत्यार उसळतं. एकदा धीर करून एक कातायला घेतला. जमिनीपासून वीतभर उंचीवरच्या भागात लाकडाची चाल अचानक बदलली. एक बारीक, लपेटत गेलेली रेघ. खालच्या बाजूला रेषा एका वळणाच्या, वरच्या बाजूला दुसऱ्या.

बागायतदाराला यात नवल नाही. मोसंबी आपल्या मुळांवर उभी नसतेच. आधी खुंट वाढवतात, आपल्याकडे बहुधा रंगपूर लिंबाचा नाहीतर जंबेरीचा. खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की त्याच्या सालीत चीर देऊन मोसंबीचा डोळा भरतात. डोळा फुटला की वरचा खुंट छाटून टाकतात. मुळं रंगपूरची, खोड-फांद्या-फळं मोसंबीची. रंगपूर आज बांगलादेशात आहे. म्हणजे ‘मूळ’ या मराठी शब्दाचा सरळ, मातीतला अर्थ घेऊन मोसंबीला विचारलं, मूळची कुठली, तर ती काय सांगेल? मुळं पाहायला गेलं तर ती दुसऱ्याच झाडाची आहेत. त्या मुळांनी बदनापूरचं पाणी ओढलं, आणि पाणी संपलं तेव्हा दोन्ही लाकडं एकाच आठवड्यात वाळली. तो सांधा मात्र सुटला नाही. मी वाडगा पार पाव इंचापर्यंत पातळ केला, इतर ठिकाणी केसाएवढे तडे गेले, सांध्यावर नाही.

या कामाला आपण कलम म्हणतो. लेखणीलाही कलमच म्हणतात, आणि कायद्याच्या तरतुदीलाही. अरबीतून फारसीत, फारसीतून मराठीत आलेला शब्द. मराठीने तो इतका आपला केला, की कोकणात आंब्याचं कलम लावणाऱ्याला तो कुठून आला हे विचारायची गरज पडत नाही. मी वर्गात आता हा शब्द शिकवताना तो बुंध्याचा तुकडा घेऊन जातो. तो बाकावरून बाकावर फिरतो. पोरं सांध्यावरून बोट फिरवतात. वेगळं काही बोलावं लागत नाही.

बुंध्याचा तो वाडगा मी भाऊंना दिला. दुष्काळानंतर तीन वर्षांनी त्यांनी पुन्हा बाग लावली, या वेळी दीडशेच झाडं, शेततळ्याच्या हिशेबात बसतील तेवढीच. त्यांनी वाडगा हातात घेतला आणि मी काही सांगायच्या आत अंगठा नेमका त्या रेघेवर ठेवला.

“सर, डोळा भरला ती जागा ही.”

“दिसली होय लगेच?”

“दिसायला कशाला पाहिजे? हातालाच कळती.” मग ते आईला दाखवायला आत घेऊन गेले. मावशींना डोळ्यांनी फारसं दिसत नाही. त्यांनी तो नाकाशी धरला, गुळगुळीत पोटावरून हात फिरवला आणि उशाशी ठेवला. पुढच्या खेपेला गेलो तर त्यात पान, सुपारी, चुन्याची डबी आणि अडकित्ता होता. काठाला चुन्याचे पांढरे डाग पडले होते. घरी येऊन हे अब्बांना सांगितलं तेव्हा वाडग्यावरचं त्यांचं समाधान मला पहिल्यांदा दिसलं.

प्रदर्शनात मी आता प्रत्येक वस्तूखाली एक चिठ्ठी ठेवतो. पूर्वी तिच्यावर झाडाचं नाव आणि किंमत असायची. आता झाड कुठे वाढलं आणि कशाने गेलं तेही लिहितो. ‘चिंच. अंबड तालुका. वादळात पडली.’ ‘बाभूळ. भोकरदन तालुका. बांधावरून काढली.’ ‘मोसंबी, रंगपूर खुंटावर. बदनापूर तालुका. २०१३ च्या दुष्काळात वाळली.’ आणि सगळ्यात खाली, कातणाऱ्याच्या नावापुढे, जिल्हा जालना.